पुतळा काढावा की ठेवावा? आधी चौथरा वाचा

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील तुमच्या शिक्षणसंस्थेच्या आवारात एका इंग्रज अधिकाऱ्याचा संगमरवरी अर्धपुतळा शंभराहून अधिक वर्षे उभा आहे. शाळेला जागा मिळवून देण्यात त्याचा हात होता, असे संस्थेच्या जुन्या अहवालांत नमूद आहे. मात्र १८९७ च्या प्लेगच्या वेळी पुण्यात घराघरांत शिरून ज्या झडत्या घेतल्या गेल्या, त्या व्यवस्थेतही तो सामील होता, असे काही माजी विद्यार्थ्यांनी कागदपत्रांवरून दाखवून दिले आहे. त्यांना पुतळा हलवून हवा आहे, काही विश्वस्त त्याला हात लावू देत नाहीत आणि पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे. पुतळा काढावा की ठेवावा, आणि काढायचा झाल्यास तो फुटणार तर नाही ना, असे तुम्ही विचारता.

मी गेली सव्वीस वर्षे दगडी आणि धातूच्या शिल्पांच्या जतनाचे काम करतो. या काळात पुतळे स्वच्छ केले, सांधले, हलवले आणि काही ठिकाणी ते हलवू नयेत म्हणून सभांमध्ये तासन्‌तास बोललोही आहे. या अनुभवावरून सांगतो की ‘काढावा की ठेवावा’ हा प्रश्न सभेपुढे असाच ठेवला, तर लोक आपापली बाजू घेऊन येतील आणि तीच घेऊन परत जातील. तुमच्यापुढची खरी अडचण वेगळी आहे. निर्णय कोण घेणार, कोणत्या पुराव्यावर घेणार, उघडपणे घेणार की गुपचूप, आणि दहा वर्षांनी तो चुकला असे वाटले तर दुरुस्त करता येईल का, हे तुम्हाला ठरवायचे आहे. माझे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही आधीच मान्य करतो. पुतळ्याची मालकी, त्याचे वय, चौथऱ्यावरील मजकूर आणि दगडाची अवस्था या चार गोष्टी पाहिल्याशिवाय कुणीही छातीठोक सल्ला देऊ नये, आणि दिलाच तर तो तुम्ही घेऊ नये.

आपल्या शहराचा अनुभव आधी पाहू, कारण तुमच्या सभेत तो निघणारच आहे. लाल महालातील समूहशिल्पातून दादोजी कोंडदेवांचा पुतळा महापालिकेने २७ डिसेंबर २०१० रोजी हलवला. त्यामागे सर्वसाधारण सभेचा ठराव होता, म्हणजे कागदावर अधिकार होता. पण काम झाले ते भर रात्री, पोलीस बंदोबस्तात. पुढे ३ जानेवारी २०१७ रोजी, तेही रात्रीच्या अंधारातच, संभाजी उद्यानातील राम गणेश गडकरी यांचा अर्धपुतळा काही जणांनी उखडला आणि मुठा नदीत टाकला. ‘राजसंन्यास’ या नाटकातील संभाजी महाराजांचे चित्रण हे त्यामागचे कारण सांगण्यात आले. कायद्याच्या दृष्टीने या दोन घटनांची बरोबरी होऊ शकत नाही, कारण पहिल्या घटनेमागे लोकनियुक्त सभागृह होते आणि दुसरी सरळसरळ तोडफोड होती. दोन्ही वादांत कोणाचे म्हणणे ऐतिहासिकदृष्ट्या बरोबर, यात मी येथे शिरत नाही. मला जे खटकते ते रात्रीचे काम. ज्यांना आपली बाजू न्याय्य वाटत होती, त्यांनाही ती दिवसाउजेडी, विरोधकांच्या देखत, कारणे वाचून दाखवून अमलात आणता आली नाही. त्यामुळे हरलेल्या बाजूला आपले म्हणणे ऐकून घेतले गेले असे कधी वाटलेच नाही. इतक्या वर्षांनंतरही हे दोन्ही विषय निघाले की आवाज चढतात, याचे मोठे कारण मला हेच दिसते.

पुण्यातील पुतळ्यांचा वाद या शतकातला आहे, असेही समजू नका. १९२५ साली महात्मा फुले यांचा पुतळा उभारण्याच्या प्रस्तावावरून पुणे नगरपालिकेत आणि शहरात मोठे वादळ उठले होते. कोणाचा पुतळा उभा राहू दिला नाही, हाही या इतिहासाचा भाग आहे. तुमच्या आवारात त्या अधिकाऱ्याचा पुतळा उभा राहिला, त्या वर्षी संस्थेच्या संस्थापकांपैकी किंवा पहिल्या शिक्षकांपैकी कोणाचा राहिला नाही, हे एकदा सभेत विचारले जावे.

आता पुराव्याकडे येतो. पुतळा ज्या व्यक्तीचा असतो तिच्याइतकेच, किंबहुना अधिक, तो उभारणाऱ्यांबद्दल सांगतो. ब्रिस्टलमधील एडवर्ड कोल्स्टन हा गुलामांच्या व्यापाराशी निगडित व्यापारी १७२१ साली मरण पावला; त्याचा पुतळा १८९५ चा होता. अमेरिकेच्या यादवी युद्धातील दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली १८७० साली गेला. रिचमंड येथील त्याचा भव्य अश्वारूढ पुतळा १८९० साली उभा राहिला आणि २०२१ साली उतरवला गेला. मधल्या वर्षांत कोणाला काय सांगायचे होते, हे चौथऱ्यावर कोरलेले असते. म्हणून तुमच्या पुतळ्याबद्दल मी पहिल्यांदा विचारीन की तो कोणत्या साली, कोणाच्या पैशाने आणि कोणत्या शब्दांत उभारला गेला. शाळेला जागा दिल्याबद्दल कृतज्ञता म्हणून उभारलेला पुतळा आणि शहराला ‘शिस्त’ लावल्याबद्दल उभारलेला पुतळा यांत, चेहरा तोच असला तरी, जमीनअस्मानाचा फरक आहे.

याचा एक अनुभव सांगतो. पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी अशाच एका साहेबाचा अर्धपुतळा होता. गावात सर्वांची समजूत अशी की त्याने पाटाचे पाणी आणले म्हणून हा पुतळा. चौथऱ्यावर दरवर्षी राष्ट्रीय सणाच्या आधी तेलरंगाचा हात मारला जाई, त्यामुळे अक्षरे पार बुजली होती. मी सकाळी सातच्या सुमारास, ऊन अगदी तिरपे असताना, पाठीमागच्या बाजूला गेलो, तेव्हा रंगाच्या पापुद्र्याखाली ओळींची नुसती सावली दिसली. दोन दिवस द्रावकात भिजवलेल्या कापसाच्या पट्ट्या लावून, लाकडी पट्टीने एकेक थर सोडवत आम्ही तो रंग काढला. खालून इंग्रजी मजकूर निघाला. त्यात पाटाचा उल्लेखही नव्हता. परिसरातील एक बंड मोडून ‘शांतता’ प्रस्थापित केल्याबद्दल त्याचा गौरव होता. त्या संध्याकाळी शाळेच्या ओसरीवर पुतळा ठेवण्याच्या बाजूचे एक वृद्ध शिक्षक कंदिलाइतक्या मंद दिव्यात तो मजकूर दोनदा वाचून गप्प झाले आणि मग म्हणाले की हा दगड आत न्या, पण ही पाटी त्याच्याबरोबर न्या. तो पुतळा आज गावच्या वाचनालयात मजकुरासह ठेवलेला आहे आणि मराठी भाषांतर शेजारी लावले आहे. हाच शोध उलटही लागू शकतो, आणि तेव्हाही तो तितक्याच प्रामाणिकपणे सभेपुढे ठेवावा लागतो.

मात्र पुतळा उभारणाऱ्यांचा हेतू हा अखेरचा शब्द मानायलाही मी तयार नाही, आणि त्याचे उदाहरण पुण्याजवळच आहे. कोरेगाव भीमा येथील विजयस्तंभ ईस्ट इंडिया कंपनीने १ जानेवारी १८१८ च्या लढाईच्या स्मरणार्थ, स्वतःच्या गौरवासाठी उभारला. त्यावर कंपनीच्या फौजेतील महार सैनिकांची नावे कोरलेली आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले, आणि आज दरवर्षी लाखो लोक त्या स्तंभाला अभिवादन करायला येतात ते कंपनीसाठी येत नाहीत. स्वातंत्र्य मिळताच ‘इंग्रजांच्या विजयाची सर्व स्मारके पाडा’ असा सरसकट आदेश निघाला असता, तर हा स्तंभ गेला असता आणि त्याबरोबर एका मोठ्या समाजाच्या स्वाभिमानाची जागाही गेली असती. याच्या उलट बाजूचेही एक उदाहरण पुण्यात आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या येथील अश्वारूढ पुतळ्याच्या स्मारकाची कोनशिला १९२१ साली इंग्लंडच्या युवराजाच्या हस्ते बसली आणि नानासाहेब करमरकरांनी घडवलेल्या त्या पुतळ्याचे अनावरण १९२८ साली झाले. त्या पुतळ्यासमोर उभे राहणाऱ्याच्या मनात युवराजाचा विचारही येत नाही. म्हणून हलवण्याआधी एवढे जरूर विचारा, की या वस्तूशी आपल्या ओळखीबाहेरच्या कोणाचे काही नाते आहे का. तुमच्या बाबतीत बहुधा नसेल, पण विचारल्याशिवाय ते कळणार नाही.

‘पुतळा हलवला की इतिहास पुसला जातो’ हे म्हणणे तुमच्या सभेत निश्चित येईल. मला ते पटत नाही, आणि त्याला मुंबईचे उत्तर पुरेसे आहे. काळ्या घोड्यावरचा सातवा एडवर्ड १९६५ साली तेथून हलवून राणीच्या बागेत नेला. त्यानंतर २०१७ साली स्वाराविना नवा घोडा बसेपर्यंत, म्हणजे बावन्न वर्षे, तेथे घोडाच नव्हता. तरीही त्या भागाला काळा घोडाच म्हणत राहिले. दिल्लीत इंडिया गेटसमोरच्या छत्रीतून १९६८ साली पंचम जॉर्जचा पुतळा निघाला आणि ती छत्री २०२२ पर्यंत रिकामी होती. तेथे राजा होता हे त्या रिकामेपणामुळेच अनेकांना कळले. इतिहास पुसला जातो तो नोंद न ठेवता वस्तू नाहीशी केल्याने. जागा बदलल्याने बदलतो तो मान, आणि तो कोणाला द्यायचा हे ठरवण्याचा हक्क आजच्या लोकांना आहे, असे मी मानतो.

याच संदर्भात प्लेगशी आणि पुण्याशी जोडलेली एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती माझ्या व्यवसायाच्या मर्मावर बोट ठेवते. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडणारे दामोदर हरी चापेकर यांनी त्याआधी, १८९६ साली, मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले होते. संगमरवर सच्छिद्र असतो. डांबर त्यात आत शिरते आणि ते काढणे फार कठीण असते. रसायनशास्त्रज्ञ प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी ते डाग काढून दाखवले आणि त्यांचा मोठा बोलबाला झाला. जतनकार म्हणून मला त्या कौशल्याबद्दल नितांत आदर आहे. पण आज ते काम माझ्याकडे आले असते, तर तो डाग ठेवावा असे मी सुचवले असते, कारण १८९६ सालचा एका पुणेकर तरुणाचा संताप त्या डागात होता आणि तो पुतळ्याइतकाच अस्सल पुरावा होता. ब्रिस्टलमध्ये नेमके हेच केले गेले. ७ जून २०२० रोजी कोल्स्टनचा पुतळा जमावाने पाडून बंदरात लोटला. चार दिवसांनी तो बाहेर काढला. तेथील जतनकारांनी गाळ धुतला, पण निदर्शकांनी फासलेला रंग मात्र जपला आणि पुढे तो पुतळा संग्रहालयात आडवा ठेवून दाखवला. तुमच्या पुतळ्यावर कोणी काही फासले, नाक उडवले, तर घाईने ‘पूर्ववत’ करू नका. आधी छायाचित्रे घ्या आणि मग विचार करा.

आता पर्यायांबद्दल. जागेवरच ठेवून शेजारी नवा फलक लावणे हा सर्वांत सोपा मार्ग म्हणून सुचवला जातो. तो कधी कधी चालतो, पण माझा अनुभव फारसा चांगला नाही. पाच जणांच्या समितीने लिहिलेला मजकूर सगळ्यांना सांभाळता सांभाळता इतका गुळगुळीत होतो की तो कोणी वाचत नाही. ब्रिस्टलमध्येही दुसरा फलक लावण्याचा प्रयत्न झाला होता. शब्दांवरून वाद होऊन तो लागलाच नाही आणि पुढच्याच वर्षी पुतळा पाण्यात गेला. फलक लावायचाच असेल तर घडलेल्या गोष्टी सांगणारी चारच वाक्ये हवीत: याने जागा मिळवून दिली, हा अमुक पदावर होता, त्या वर्षी लोकांच्या घरांत काय झाले, आणि हा फलक कोणी केव्हा लावला. विशेषणे दोन्ही बाजूंची काढून टाका.

दुसरा मार्ग म्हणजे हलवणे. मद्रासमध्ये जेम्स नील या अधिकाऱ्याच्या पुतळ्याविरुद्ध १९२७ साली सत्याग्रह झाला; १९३७ साली राजगोपालाचारींचे मंत्रिमंडळ आल्यावर तो पुतळा संग्रहालयात गेला आणि आजही अभ्यासकाला तेथे पाहता येतो. अठराशे सत्तावन्नच्या दडपशाहीशी जोडलेल्या नावाच्या बाबतीतही मोडतोड न करता हे होऊ शकले, ही मला मोठी गोष्ट वाटते. तुमच्याकडे संस्थेचे ग्रंथालय किंवा अभिलेख कक्ष असेल, तर माझा कल तिकडे आहे. प्रवेशद्वारी उभा असलेला पुतळा मुलांना रोज न बोलता सांगतो की हा पूजनीय आहे. ग्रंथालयातील तोच पुतळा सांगतो की हा कोण होता ते वाचा. ज्यांच्या पणज्यांच्या माजघरात सैनिक शिरले, त्यांच्या घरातील मुलाने रोज त्याच्यासमोरून जावे, अशी अपेक्षा करणे मला योग्य वाटत नाही. ‘तूर्त गोदामात ठेवू’ हा तिसरा मार्ग मात्र टाळा. गोदामात गेलेला पुतळा पाच वर्षांत भंगारापाशी जातो. हे मी स्वतः दोनदा पाहिले आहे.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. पुतळा विश्वस्त संस्थेच्या मालकीचा असेल तर आधी मालमत्ता नोंदवहीत तो आहे का ते पाहा आणि रीतसर ठराव करा. इमारत महापालिकेच्या वारसा यादीत असेल तर वारसा समितीची परवानगी घ्या. शंभर वर्षांहून जुने शिल्प १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येते, म्हणून पुरातत्त्व खात्याला पत्र देऊन लेखी उत्तर मिळवा. रिकाम्या चौथऱ्यावर दुसऱ्या कोणाचा पुतळा बसवण्याची घोषणा त्याच सभेत करू नका, कारण मग काढण्याचा विचार कारणांवर न होता नव्या नावावर होतो. शिवाय नव्या पुतळ्याला शासनाच्या वेगळ्या परवानग्या लागतात आणि मातीच्या प्रतिकृतीला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. ते काम महिन्याभराचे नव्हे.

आता तुमची शेवटची शंका, फुटण्याची. संगमरवराचे वजन घनफुटाला साधारण ७६ किलो धरा. अडीच घनफुटांचा अर्धपुतळा १९० किलोंच्या आसपास भरतो. तो दोन माणसांनी ‘जरा सरकवून’ पाहण्याचा नाही. जुने अर्धपुतळे चौथऱ्यात शिसे ओतून बसवलेल्या लोखंडी खुंटीवर उभे असतात. पावसाचे पाणी जोडातून आत गेले की लोखंड गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि दगड आतून तडकतो. बाहेरून मानेखाली किंवा बुडाशी केसाएवढी तांबूस रेघ दिसते. ती रेघ दिसली तर पुतळा वर ओढायचाच नाही. खुंटी बारीक करवतीच्या पात्याने जोडातच कापायची. एका संस्थेत ठेकेदाराने माझ्या येण्याआधी मानेला साखळी बांधून चेनपुलीने पुतळा उचलला होता. मी पोहोचलो तेव्हा डोके गादीवर आणि खांदे चौथऱ्यावर होते. तो तडा सांधता आला, पण त्याची रेघ कायमची दिसत राहिली. म्हणून साखळी नको. खांद्यांखालून नायलॉनचे रुंद पट्टे, दगड आणि पट्टा यांच्यामध्ये जाड नमदा आणि नाक, कान, कॉलरच्या कडा यांना वेगळे वेष्टन. हलवल्यावर पुतळा थेट फरशीवर ठेवू नका. लाकडी फळ्यांवर, हवा खेळेल असा ठेवा आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बांधू नका, कारण ओल आतच कोंडते. आम्लाने किंवा तारेच्या ब्रशने धुण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याला नम्रपणे परत पाठवा. जून ते सप्टेंबर हे काम काढू नका. ओल्या जमिनीत क्रेनचा पाय रुततो. कोणत्याही जयंती-पुण्यतिथीच्या किंवा निवडणुकीच्या आसपासचा दिवसही धरू नका. आठवडाभर आधी तारीख आणि वेळ सूचनाफलकावर लावा, सकाळी दहाला काम सुरू करा आणि विरोध करणाऱ्या विश्वस्तांना व मागणी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना दोघांनाही समोर उभे राहायला बोलवा. चौथरा पाडू नका. खुंटीचे भोक जसे आहे तसे ठेवून वर दगडी झाकण बसवा, म्हणजे पुढच्या पिढीला वेगळे वाटले तर तिला पुतळा त्याच जागी परत बसवता येईल.

सभेपुढे दोन ठराव ठेवा, एक नव्हे. या सभेत फक्त नोंद करण्याचा ठराव करा: पुतळ्याची आणि चौथऱ्याची मोजमापे, छायाचित्रे, मजकुराचे वाचन, संस्थेच्या अहवालांतील उल्लेख आणि माजी विद्यार्थ्यांनी आणलेली कागदपत्रे, हे सगळे एकत्र छापून सभासदांना द्या. याला विरोध करणे कोणालाही अवघड जाईल. हलवण्यावर मतदान त्यानंतरच्या सभेत घ्या, आणि प्रत्येकाने आपले कारण लेखी द्यावे असा आग्रह धरा.

तोवर एक काम तुम्ही स्वतः करू शकता. उद्या सकाळी ऊन अंगावर यायच्या वेळी चौथऱ्याच्या चारही बाजूंची जवळून छायाचित्रे काढा, विशेषतः पाठीमागची आणि जमिनीलगतची, आणि मानेखालच्या भागाचे एक. तुम्ही लिहिले आहे की चौथऱ्याला पांढरा तेलरंग दिलेला आहे. तो खरवडू नका. नुसता हात फिरवून पाहा, बोटाला खाचा लागतात का ते मला कळवा.